वरच्या विहिरीचा वैशाख

वैशाख लागला की माझ्या उजव्या हाताच्या बोटांना खडूचा वास येऊ लागतो. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. घरात खडू नाही, नातवंडांच्या शाळेतही आता फळ्यावर पेनाने लिहितात. तरी येतो. मी साबणाने हात धुतो, पुसतो, खिडकीशी बसतो, आणि थोड्या वेळाने बोटं पुन्हा नाकाशी नेऊन बघतो.

मी महाळुंग्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. या दिवसांत खाली सकाळीच टँकर लागतात. मागे येताना त्यांची ती एकसुरी पिपाणी वाजते, मग जाड नळी टाकीच्या तोंडात पडते, आणि पाणी कोसळायला लागतं. सून म्हणते, "बाबा, खिडकी लावा ना, डिझेलचा वास येतोय." मी लावतो. पण कान तिकडेच असतो. हे पाणी कुठल्या गावाचं, किती खालून वर आलं, त्या विहिरीच्या तळाशी आता काय उरलं असेल, हे मनात येतंच. आयुष्यभर तेच काम केलं.

जमिनीखालचं पाणी मोजणाऱ्या सरकारी कचेरीत मी होतो. ठरावीक गावांतल्या ठरावीक विहिरी निरीक्षणासाठी निवडलेल्या असत. वर्षातून चार वेळा तिथे जायचं आणि पाणी किती खोल आहे ते मोजायचं. विहिरीच्या कठड्यावर आम्ही तेलरंगाने एक लाल बाण काढलेला असे. मोजायचं ते तिथूनच. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू चोळायचा, टेप आत सोडायची, टोक पाण्यात बुडालं की वर ओढायची. भिजलेला खडू गडद दिसतो. कोरडा कुठे संपला आणि ओला कुठे सुरू झाला, ती रेघ म्हणजे पाण्याची पातळी. काम एवढंच. बघणाऱ्याला हसू यावं इतकं साधं.

मुळशीत पाण्याची टंचाई म्हटलं की पुण्यातले लोक खरंच हसतात. तिथे एवढं धरण, तिथे पाऊस धो धो, भाताची खाचरं, धबधबे, तिथे कसली टंचाई? पण तो पाऊस डोंगरावरून जसा येतो तसाच धावत निघून जातो. थोडा मुरतो. तो थोडासा उतारावरच्या वस्त्यांना थंडीपर्यंत पुरतो. मग माघ, फाल्गुन, चैत्र असं खडकातून एकेक बोट पाणी उतरत जातं. वैशाखात काय उरलं आहे, हे पाहणं माझ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं मोजमाप होतं. चांगल्या दिवसांत प्रत्येक विहीर भरलेली दिसते. ती खरी कशी आहे, ते वैशाखातच कळतं.

उरवड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गावात दोन विहिरी. खालची विहीर मूळ गावठाणाजवळ, ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्याला लागून, तात्यांच्या आंब्याखाली. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी. वरची विहीर चढावर, बौद्ध वस्तीची. दोन्हींमध्ये अंतर फार नाही. वरून हाक मारली तर खाली ऐकू जाते. निरीक्षणाची विहीर वरची होती. लाल बाण तिच्या कठड्यावर होता.

त्या चढावरून जाताना जे काही अंगावर येई, ते सगळं अजून जसंच्या तसं आहे. भाताची रोपं टाकण्याआधी खाचरांत राब भाजलेले असत. जळलेल्या पाल्यापाचोळ्याचा आणि शेणाचा कडवट धूर कपड्यांत बसे. करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या. तापलेल्या कातळावर चप्पल चिकटल्यासारखी वाटे. आणि वळण घेतलं की आधी आवाज ऐकू येई. विहिरीवर बायकांचे आवाज, कळशीवर कळशी आदळल्याचा आवाज, रहाटाची किरकिर.

मला पाहिलं की त्यांच्यातून कुणीतरी म्हणायचं, "आला गं, शिंपी आला."

टेप घेऊन येतो म्हणून शिंपी. हे नाव अनसूयाने पाडलं होतं. तेव्हा ती नवी सून होती, तिशीच्या आतली. तळहातांना दोराचे घट्टे आणि जीभ तिखट.

"शिंपीभाऊ, औंदा पाण्याला झंपर शिवनार का परकर?"

"कापड पुरलं तर सांगतो," मी म्हणायचो.

"कुटनं पुरतंय. हितं तर लंगोटीपुरतं बी न्हाई."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. आणि मग जे मला दर वैशाखात सांगावं लागे, ते सांगायचो, "बायांनो, आता उपसा थांबवा."

हे समजून सांगायला हवं. कारण सगळं तिथेच आहे. विहिरीतून पाणी ओढत असताना पातळी मोजली तर आकडा चुकतो. कळशी बुडली की पाणी खाली जातं, झऱ्यातून हळूहळू पुन्हा भरतं. खरी पातळी हवी असेल तर विहिरीला काही वेळ शांत ठेवावं लागतं. पंप असेल तर पंप बंद करायचा. पंप नसेल, दोर असतील, तर दोर थांबवायचे. म्हणजे भर उन्हात, रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या असलेल्या, पहाटेपासून पाळी धरलेल्या बायकांना सांगायचं, की तुम्ही थांबा, मला मोजायचं आहे.

त्या थांबायच्या. कठड्याच्या कडेला, करंजाच्या विरळ सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. अनसूया आधी मला तांब्याभर पाणी द्यायची. "आदी शिंपीभाऊला द्या. लांबनं आलाय." मी प्यायचो. त्या पाण्याला मातीची चव असे. ती पाणी देताना तांब्या काठोकाठ भरायची, आणि मी तो संपवायचोच, कारण उरलेलं टाकायची हिंमत नव्हती.

एकदा थांबलेलं असताना तिने विचारलं, "हे मापून काय हुतं?"

मी सांगितलं, की आकडा कचेरीत जातो, वर जातो. कुठे पाणी किती कमी होतंय ते सरकारला कळतं. मग तिथे काम करता येतं. चर खणता येतात, तळं करता येतं, पाणी मुरवता येतं.

"म्हंजी आकडा खरा गेला तर पानी मिळंल?"

"आकडा खरा गेला पाहिजे," मी म्हणालो.

मी 'हो' म्हटलं नव्हतं. पण तिने ते 'हो' असंच ऐकलं असणार, कारण मी तसंच म्हटलं होतं.

पुढच्या वैशाखात मी वळण घेतलं तेव्हा आवाज नव्हता. रहाट थांबलेला. करंजाखाली सगळ्या बसलेल्या, कळश्या उपड्या. मला वाटलं विहीर आटली. आत डोकावलो तर तळाशी पाणी होतं, अगदी स्थिर, आभाळाचा एक तुकडा त्यात पडलेला.

"आज उपसा नाही?" मी विचारलं.

"तुमी यायचं म्हून कळलं हुतं," अनसूया म्हणाली. "सकाळधरनं कुनी दोर सोडला न्हाई. हिला निवांत ठिवली. आता मापा. आकडा खरा जाऊ द्या."

सूर्य डोक्यावर आला होता. एका बाईच्या मांडीवर पोर होतं, ते रडून रडून आवाज बसल्यासारखं कुरकुरत होतं. तिने ओल्या पदराचं टोक त्याच्या ओठाला लावलेलं. पदर कशाने ओला होता मला माहीत नाही. घामाने असेल. अनसूयाने मला तांब्या पुढे केला, घरातल्या रांजणातलं तळाचं पाणी. मी तो घेतला. तोही संपवला.

मी मोजलं. आकडा खरा गेला. त्यावर काही झालं नाही. पुढच्या वैशाखापर्यंत तिथे कुदळही पडली नाही.

त्यानंतरच्या वैशाखात मी चढाच्या सुरुवातीला उभा राहिलो. मला माहीत होतं, वर आवाज नसणार. त्या थांबल्या असणार. मी ऐकत राहिलो आणि खरोखरच वरून काहीही ऐकू आलं नाही. रहाटाची किरकिर असती तर मी गेलो असतो. त्या शांततेकडे माझे पाय वळेनात.

मी कुणाकरवी तरी निरोप धाडला, की वैशाखातली मोजणी बंद झाली आहे, थांबू नका, पाणी भरा. मग तात्यांच्या आंब्याखाली गेलो. तात्यांनी ताक दिलं. मी त्यांच्या विहिरीत टेप सोडली, ओल्या खडूची रेघ पाहिली, आणि तो आकडा वरच्या विहिरीच्या नावावर लिहिला.

त्या दिवशी हे मला दयेसारखं वाटलं होतं. बायकांना तहानलेलं बसवायचं नाही, म्हणून. ही दया मी निवृत्त होईपर्यंत दर वैशाखात केली. पावसाळ्यानंतरचे आकडे खरे आहेत, थंडीतले खरे आहेत. तेव्हा कुणाला थांबावं लागत नसे आणि मी वर जात असे. तेव्हा अनसूया विचारायची, "शिंपीभाऊ, उन्हाळ्याचं का बंद केलं?" मी म्हणायचो, "वरून हुकूम." ती मान हलवायची. वरून येणाऱ्या हुकमाबद्दल तिला काही नवल नव्हतं.

मी जर सपाट प्रदेशात, नदीकाठच्या गाळात असतो, तर एवढ्या जवळच्या दोन विहिरींमध्ये कदाचित फार फरक पडला नसता. पण आपला डोंगर थरांचा आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांच्या हातात जेवणाचा पुड्यांचा डबा असतो ना, तसा. एकावर एक पुडे. प्रत्येक पुड्यात आपापलं पाणी, मध्ये घट्ट खडक किंवा तांबड्या मातीचा गच्च थर. वरच्या पुड्यातलं संपलं म्हणून खालच्यातलं आपोआप वर येत नाही. वरच्या वस्तीची विहीर वरच्या पुड्यात होती. तात्यांची खालच्या पुड्यात, आणि तिला बंधाऱ्याचा पाझर. हे मला पाठ होतं. नव्याने आलेल्यांना मीच शिकवायचो. आणि मीच खालच्या पुड्यातलं पाणी वरच्या पुड्यात असल्याचं लिहीत होतो.

वस्तीने एकदा अर्ज केला. डोंगराच्या उतारावर चर आणि छोटं तळं मागितलं. उत्तर गेलं, ते माझ्या टेबलावरून गेलं. उन्हाळी पाणीपातळी समाधानकारक असल्याने तूर्त आवश्यकता दिसत नाही. सही माझी नव्हती. 'समाधानकारक' हा शब्द ज्या आकड्यावरून आला तो माझा होता. मी तो कागद पुढच्या टेबलावर सरकवला आणि चहाला गेलो.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. सायली तिचं नाव. भूजलाचे नवे नकाशे करण्याच्या कामावर आहे. जमिनीखाली कुठला थर कुठे, कुणाचं पाणी कुणाशी जोडलेलं, ते गावागावाचं काढतात आता. जुन्या माणसांना भेटून खातरजमा करत होती. सुनेने सरबत दिलं. सायलीने लॅपटॉप उघडला आणि एका रेषेवर बोट ठेवलं.

"काका, ही विहीर तुमच्याकडे होती ना? बघा, इथपर्यंत दर मेमध्ये रेषा खोल खाली जाते. आणि मग एका वर्षी अचानक नाही जात. पुढे कधीच नाही. तिथे काही काम झालं होतं का? बंधारा वगैरे?"

मी ती रेषा पहिल्यांदाच पाहत होतो. टेबलावर आकडे सुटे असतात. ओळीत उभे केले की ते माणसाकडे बघतात.

"खाली बंधारा आहे जुना," मी म्हणालो.

"मग तोच. म्हणजे वरचा आणि खालचा थर जोडलेला असणार," ती आनंदाने म्हणाली. "मला वाटलंच. नकाशात एकच दाखवलाय मी."

तिचा ग्लास रिकामा झाला. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. दार बंद होताना तिने सांगितलं, की त्या गावात ग्रामसभा आहे. डोंगराच्या पठारावर बंगल्यांचा मोठा प्रकल्प येतोय, त्यांना खोल बोअर घ्यायच्या आहेत, ती नकाशा समजावून सांगायला जाणार आहे. "पाणी चांगलं आहे तिथे, फार अडचण नाही येणार."

पठार म्हणजे वस्तीच्या डोक्यावर. वरच्या पुड्यातच बोअरची भोकं पडणार. त्या पुड्यात जे थोडं साठतं तेही त्या भोकांतून खाली उतरणार, किंवा पंपाने वर बागांना जाणार. वरची विहीर मग वैशाखाचीच काय, माघाचीही वाट बघणार नाही.

सभेपर्यंतचे सगळे दिवस मी घरात फिरत होतो. टँकरची पिपाणी वाजली की दचकायचो. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. सुनेने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ऊन फार आहे.

ग्रामसभेच्या दिवशी मी बसने पिरंगुटला उतरलो आणि तिथून वडापच्या जीपने गेलो. सभा शाळेच्या खोलीत होती. तात्या वारले, त्यांचा मुलगा विलास पुढे बसला होता. आंब्याच्या जागी आता कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. पठारावरची जमीन त्याचीच. मागच्या भिंतीला टेकून अनसूया. केस पांढरे, गुडघे लांब केलेले. मला तिने ओळखलं की नाही, कळलं नाही.

"वस्तीला पानी पुरत न्हाई," ती म्हणत होती. "नळ दिलेत, त्यातनं हवा येती. आन डोक्यावर बोरी पाडताय?"

"आक्का, आमी बोलतोय का?" विलास म्हणाला. "नकाशा बोलतोय. सरकारी मापं हायेत, इतक्या वर्षांची. उन्हाळ्यात बी तुमच्या हिरीला पानी दिसतंय. मॅडम, व्हय का न्हाई?"

सायली म्हणाली, "नोंदींप्रमाणे, हो."

"आमच्या हिरीला?" अनसूया म्हणाली. "मग आमी काय डोळे झाकून बादली टाकतुया?"

काहीजण हसले. मी उभा राहिलो. बाकाची कड धरली.

"ते आकडे त्या विहिरीचे नाहीत," मी म्हणालो.

सायलीने वळून पाहिलं. विलास हसला. "काका, तुमी रिटायर मानूस. वय झालं. जुनं काय ध्यानात ऱ्हातंय?"

"ध्यानात आहे. म्हणून आलोय. वैशाखातले आकडे मी खालच्या विहिरीचे घेतले. आंब्याखाली बसून. आणि वरच्या विहिरीच्या नावावर लिहिले."

सायली खूप हळू म्हणाली, "काका, मी घरी आले होते तुमच्या."

अनसूया माझ्याकडे बघत होती. "कवापासनं?" तिने विचारलं.

"तुम्ही सकाळपासून दोर सोडला नव्हता, त्याच्या पुढच्या वर्षापासून."

तिने ते वर्ष शोधलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. अर्ज, उत्तर, वरची आटली की खालच्या विहिरीवर गावातल्या सगळ्यांचं भरून झाल्यावर वस्तीला मिळणारी पाळी, हे सगळं तिने त्या एका वाक्याला जोडून पाहिलं असावं. मी सांगणार होतो की मला तुमचं थांबणं बघवेना. वाक्य तयार होतं. ते तोंडात आल्यावर इतकं ओशाळवाणं वाटलं की मी गिळलं.

"मग आता मापा," ती म्हणाली. "उद्याच मापा. आज सांच्यापासनं आमी दोर सोडत न्हाई."

बोअरच्या परवानगीचा ठराव पुढे ढकलला गेला. विलास बाहेर पडताना म्हणाला, "काका, मेल्या मानसाच्या आंब्याखाली ताक प्यालात, आन त्याच्याच पोराच्या पोटावर पाय दिला." त्याचंही चूक नव्हतं. तात्यांचं ताक मी दर वैशाखात प्यायलो होतो.

सायलीने जीपमध्ये लॅपटॉप उघडून ती रेषा पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "त्या सगळ्या वर्षांचे मेचे आकडे काढून टाकावे लागतील. नकाशात तेवढा भाग कोरा राहील."

"राहू दे," मी म्हटलं. "कोरा खरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढ चढलो. मला मध्ये दोनदा बसावं लागलं. खाचरांतून राबाचा तोच कडवट वास होता, करवंदं काळी झाली होती, आणि वळणाच्या अलीकडे मी उभा राहिलो. वर आवाज नव्हता.

या वेळी मी चाललो.

करंजाखाली बायका बसल्या होत्या. बहुतेक नव्या, सुना, नातसुना. कळश्या आता प्लास्टिकच्या, त्याही उपड्या. अनसूया कठड्यापाशी. लाल बाण फिका पडला होता, पण होता. सायलीकडे बॅटरीचं नवं यंत्र होतं, पाणी लागलं की वाजणारं. अनसूया म्हणाली, "त्यांच्या टेपनं मापा. ज्यानं खोटं मापलं त्यानंच खरं मापायचं." मी टेप आणली होतीच. सायलीने शाळेतून घेतलेला खडू खिशातून काढून दिला. मी टोकाला चोळला. तो वास खरा होता.

टेप खाली जात राहिली. हाताला सवय होती की अमुक ठिकाणी पाणी लागावं. तिथे लागलं नाही. आणखी सोडली. सगळ्या उठून कठड्याशी आल्या. शेवटी टोक कशाला तरी टेकलं. वर ओढली तर खडूचं अगदी टोक ओलं होतं, नखाएवढं. सायलीने आकडा वाचला. अनसूयाने तो पुन्हा वाचायला लावला, मोठ्याने. सायलीने वाचला.

हे लिहायला बसलो ते यासाठी. वरच्या विहिरीचा वैशाख जिथे जिथे समाधानकारक लिहिला आहे, तिथे तो माझा आहे, विहिरीचा नाही. कुणी तो आकडा अजून कुठे वापरत असेल तर खोडावा.

मग अनसूयाने दोर सोडला. बादली खडकावर वाजली, तिरकी झाली, थोडं पाणी धरून वर आली. गढूळ. तिने ते फडक्यातून गाळून आपल्या कळशीत ओतलं, पुन्हा बादली सोडली, दुसरीच्या कळशीत ओतलं. तांब्या तिच्या शेजारी कठड्यावर होता, उपडा. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी टेप पुसली, गुंडाळली, पिशवीत ठेवली, तरी उभाच राहिलो.

तिने मान वर केली. "काम झालं नव्हं साहेब?"

'शिंपीभाऊ' म्हणाली नाही.

"झालं," मी म्हणालो.

"मग उन्हात थांबू नका. खाली जावा, तितं प्या. तितं हाय पानी."